मावशीच्या माडाला नारळ लागेना

एक होता सुरवंट. त्याचं नाव हिरू. बोटभर, हिरवागार. तो राहायचा कढीपत्त्यावर. पान खायचा, कुरुम कुरुम.

शेजारी होता एक पाम. शोभेचा, दिमाखाचा. त्याला झाली ढीगभर पोरं. इकडे रोप, तिकडे रोप. कढीपत्त्याला ऊन मिळेना. पानं गळली. शेवटचंही गळलं. टप्.

हिरूला लागली भूक. पान नाही, तर फुलपाखरू होणार कसा?

हिरू निघाला. वळवळ वळवळ.

"पामदादा, पामदादा, जरा सरक.
मी पान खाऊ कसा?"

"मी नाही सरकत. कोयत्याने कापलं, तर सरकेन."

हिरू निघाला. वळवळ वळवळ.

"कोयतेदादा, कोयतेदादा, पाम काप.
पाम सरकेना,
मी पान खाऊ कसा?"

"मी नाही कापत. मावशीने उचललं, तर कापीन."

गोदूमावशी पामाला पाणी घालत होती. रोज घालायची, अगदी प्रेमाने.

"मावशी, मावशी, कोयता उचल.
कोयता कापेना,
पाम सरकेना,
मी पान खाऊ कसा?"

"मी नाही उचलत. माझा माड आहे तो. नारळ लागले की मोदक करीन. हा माड नव्हे, असं विहिरीवरच्या माडाने सांगितलं, तर उचलीन."

हिरू निघाला. वळवळ वळवळ.

"माडआजोबा, माडआजोबा, मावशीला सांगा.
मावशी उचलेना,
कोयता कापेना,
पाम सरकेना,
मी पान खाऊ कसा?"

"मी एवढा उंच. तिला ऐकू कसं जाणार? वाऱ्याने हलवलं, तर झावळी टाकीन. ती बघून तिला कळेल."

हिरू निघाला. वळवळ वळवळ.

"वारेदादा, वारेदादा, माड हलव.
माड झावळी टाकेना,
मावशी उचलेना,
कोयता कापेना,
पाम सरकेना,
मी पान खाऊ कसा?"

वारा म्हणाला, "मला कोणी बोलावतच नाही. सगळे दारं लावून घेतात. तू बोलावलंस ना? हा आलोच."

सूं सूं सूं. वाऱ्याने माड हलवला. माडाने झावळी टाकली. धप्प.

मावशीने पाहिलं. माडाची झावळी कंगव्यासारखी. पामाचं पान पंख्यासारखं. माडाला मोठे नारळ. पामाला काळे काळे मणी.

"अगोबाई," मावशी म्हणाली. "मी पंख्याला पाणी घालत बसले होते."

मावशीने कोयता उचलला. कोयत्याने मण्यांचा घड कापला. मग पाम कापला. खच् खच् खच्. पाम सरकला. धाडकन्. मावशीने रोपं उपटली, मुळासकट. मणी वेचले आणि टाकले चुलीत.

कढीपत्त्यावर ऊन आलं. कोवळी पानं फुटली. मावशी कढीसाठी पानं तोडायला आली. एक डहाळी तिने तशीच ठेवली.

"ही तुझी हो, हिरू."

कुरुम कुरुम कुरुम.

हिरू जेवला. हिरू झोपला. उठला, तर फुलपाखरू. भिरभिर भिरभिर गेला आणि मावशीच्या नाकावर बसला.

हिरूची भूक संपली, आपली गोष्टही संपली.