तेरावं पॉलिश

"मग ओरखडे गेले कुठं, साहेब?"

बॉनेटवरून बोटं फिरवत दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं.

अवधूत सरनाईक हसला. "गेले, चाचा. कायमचे."

"कायमचे..."

"हात लावून बघताय की तुम्ही."

मिस्त्रींची बोटं फिरत राहिली, अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवावीत तशी.

कागलच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तिथं गाड्यांना पॉलिश केलं. आता डोळ्यांत पडदा आला होता. समोरच्या माणसाचा नुसता आकार कळायचा. तरी कोल्हापूर, निपाणीहून लोक गाड्या घेऊन यायचे. नुसता हात लावून सांगा म्हणायचे, पॉलिश बरं झालंय का.

अवधूतही त्यासाठीच एक जुनं, सुटं बॉनेट घेऊन आला होता. रसायनशास्त्र शिकलेला, छत्तीस वर्षांचा. रंगाच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यानं दोन वर्षांपूर्वी गावाबाहेर एक गाळा भाड्यानं घेतला. तिथंच राहायचा, तिथंच पॉलिश बनवायचा. भुकटी, तेल, मेण, साबण. प्रमाण बदलून बदलून बारा वेळा केलं. सुरुवातीला मित्रांचे फोन यायचे. हातात काम असलं की तो उचलत नसे. पुढं ते यायचेच थांबले.

"कुणाचीही मदत घेतली नाही, चाचा," तो म्हणाला. "एकट्यानं केलंय. तुम्ही फक्त चांगलं म्हणा. तुमच्या शब्दावर सगळे गॅरेजवाले घेतील."

मिस्त्री उठले. चाचपडत नळापाशी गेले, बादली भरली, साबणाचा चुरा खळबळवला आणि ती सगळी बादली त्या काळ्या बॉनेटवर ओतली. स्पंजनं घासलं. पुन्हा पाणी मारलं. मग म्हणाले, "धरा जरा. उन्हात न्यायचंय."

दोघांनी बॉनेट उचलून बाहेर ठेवलं. दुपारचं कडक ऊन होतं.

"काय दिसतंय?"

अवधूतनं बॉनेटवर वाकून पाहिलं.

"मला दिसत न्हाई, म्हणून इचारतोय."

"...ओरखडे."

"किती?"

"सगळे."

तेलानं आणि मेणानं खाचा भरल्या होत्या, एवढंच. साबणानं त्या मोकळ्या झाल्या. बॉनेटभर बारीक जाळं पसरलं होतं, सकाळी होतं तसंच.

"ओरखडा जात नसतोय, साहेब," मिस्त्री म्हणाले. "त्याच्या शेजारचं सगळं त्याच्याएवढं खाली न्यावं लागतंय. लोक त्याला चमक म्हणत्यात."

अवधूतनं डबा उचलला. येतो असंही न म्हणता तो निघून गेला.

*

चार महिने गेले.

तेराव्या वेळी त्यानं मेण वगळलं. नव्या भुकटीचे कण आधी रंगाला कापायचे आणि घासता घासता स्वतःच फुटून बारीक व्हायचे. मग तेच चकाकी आणायचे. एका दुपारी रंगवलेल्या पत्र्याच्या ओरखडलेल्या तुकड्यावर त्यानं ते लावलं, साबणानं धुतलं, उन्हात धरलं. एकही ओरखडा नव्हता. पुन्हा धुतलं. नव्हता.

तो धावतच गाळ्याबाहेर आला.

बाहेर कोणी नव्हतं. समोरचं दुकान बंद. रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं. त्यानं फोन काढला, नावं वर सरकवत राहिला. एका नावाशी थांबला. इतक्या दिवसांनी फोन करून काय म्हणायचं? पॉलिश जमलं म्हणून?

फोन खिशात ठेवून तो आत गेला आणि वडिलांच्या गाडीवरचं कापड काढलं.

वडील तलाठी होते. आयुष्यात त्यांनी एकच गाडी घेतली, तीही दुसऱ्याची वापरलेली. गडद हिरव्या रंगाची. दर रविवारी बनियनवर उभं राहून पुसायचे. गेल्या वर्षी ते गेले. आई बहिणीकडे राहायला गेली. जाताना तिनं किल्ली अवधूतच्या हातात दिली होती. "ह्यांची गाडी तेवढी नीट ठेव," एवढंच म्हणाली होती.

तीन दिवसांनी ती गाडी मिस्त्रींच्या शेडपाशी येऊन थांबली.

मिस्त्री बाकावर बसले होते. "कोण?"

"मी. अवधूत... पॉलिशवाला."

"या, साहेब."

"साहेब म्हणू नका, चाचा."

मिस्त्रींनी मान वर केली. आवाज ओळखीचा होता, पण ताठा नव्हता. ते उठले, काठी बाकाला टेकवून ठेवली आणि गाडीला हात लावला. दरवाजा... मडगार्ड... बॉनेट. बॉनेटच्या मधल्या धारेवर बोटं आली आणि थबकली. तिथं लिंबाएवढा भाग खरखरीत लागत होता.

"किती दिवस घासत हुतास?"

"तीन. एक बारीक रेघ राहिली होती. म्हटलं, एवढी गेली की थांबू. ती गेली तर शेजारी दुसरी दिसली. मग ती..." त्यानं त्या खरखरीत जागेवर बोट टेकवलं. "मग अचानक खालचा राखाडी थर वर आला. माझ्या बाबांची गाडी आहे ही."

"फडकं हाय?"

"कसलं?"

"घासत हुतास ते."

अवधूतनं डिकीतून फडकं आणून दिलं. मिस्त्रींनी ते उलगडलं आणि अगदी डोळ्यांजवळ नेलं.

"हिरवं हाय काय?"

"हो. मला वाटलं, मळ निघतोय."

"मळ न्हवं हे."

अवधूतनं फडक्याकडे पाहिलं. वडिलांनी वीस वर्षं पुसून जपलेला रंग होता तो, चुरगाळलेल्या कापडात. तो बाकावर बसला.

मिस्त्रींनी फडक्याची घडी घातली. चारी कोपरे नीट जुळवले आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"चाचा, चौदाव्यात काय बदलू? कण आणखी बारीक करू?"

"काय बी बदलू नगो. पॉलिश चांगलं झालंय."

अवधूतनं चमकून वर पाहिलं. हेच शब्द ऐकायला तो चार महिन्यांपूर्वी आला होता. आता ते ऐकून त्याला आनंदही झाला नाही.

"मग चुकलं कुठं?"

मिस्त्री त्याच्या शेजारी बसले.

"तू घासत हुतास तवा गाडीच्या पल्याड कोण हुतं?"

"कोणी नाही. मी एकटाच असतो."

"हं..."

"कोण असायला पाहिजे होतं?"

"माझ्या पल्याड रशिदा असायची. माझी बायको. मी मशीन धरायचो, ती समोर हुबी. भाजी निवडत असायची, न्हाईतर नुसतीच. मधेच म्हणायची, बस्स. ती बस्स म्हणाली की मी हात उचलायचो. माझ्या मनात आणखी करायचं असलं तरी उचलायचो." ते थांबले. "सदतीस वर्षं. एका गाडीचा रंग फाटला न्हाई."

"आणि आता?"

मिस्त्रींनी शेडच्या कोपऱ्याकडे हात केला. पॉलिशचं मशीन गोणपाटाखाली होतं. गोणपाटावर धुळीचा जाड थर बसला होता.

"ती गेली त्याला तीन वर्षं झाली. लोकास्नी वाटतंय, डोळ्यांपायी सोडलं."

अवधूत त्या गोणपाटाकडे बघत राहिला. आपल्या गाळ्यातली भिंत त्याला आठवली. दोन वर्षं तिच्याकडे तोंड करून तो काम करत आला होता.

"तो डाग आता मिटणार नाही ना?"

"न्हाई. तेवढ्याला रंग द्यावा लागंल. जुन्या रंगाशी जुळायचा न्हाई तो." मिस्त्री उठले. "पण बाकीचं बॉनेट राहिलंय की. ऊठ."

"नको, चाचा. आता हात लावायची भीती वाटते."

"ऊठ म्हणतोय न्हवं."

अवधूत उठला. त्यानं स्वच्छ फडकं घेतलं, बोटाच्या टोकाएवढं पॉलिश त्यावर लावलं.

मिस्त्री गाडीला हात टेकत टेकत पुढून वळसा घालून गेले आणि पल्याडच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"मी बस्स म्हणंन तवा हात उचल."

अवधूतनं फडकं बॉनेटवर टेकवलं. दोनदा घासलं आणि थांबला.

"चाचा..."

"काय?"

"तुम्हाला दिसत नाही."

"न्हाई."

"मग बस्स कधी म्हणायचं, ते कळणार कसं?"

मिस्त्रींनी दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवले. त्याच्या आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला.

"रशिदा बी आंधळीच हुती. तिला तरी कुठं दिसत हुतं?"