हणमंतच्या हाती वस्तरा

"...पण बाबा, खोट मुळात त्या पोरातच असेल तर?"

कृष्णाकाठच्या मठाच्या ओसरीवर रंगनाथबाबा पाय सोडून बसले होते.

विचारणारा परीक्षित नाडगौडा निरीक्षणगृहात मुलांचा समुपदेशक होता. कोवळी पोरं गुन्हा का करतात, हाच त्याच्या अभ्यासाचा विषय. कॉलेजात असल्यापासून तो बाबांकडे येई. निरीक्षणगृहातल्या मुलांना मठाच्या बागेत कामाला आणायची परवानगीही त्यानेच खटपट करून मिळवली होती.

"कुठलं पोर?"

"तो बघा, मेथीच्या वाफ्यात बसलाय. हणमंत. मामाच्या सलूनमध्ये काम करायचा. तिथला जोडीदार आईवरून काहीतरी बोलला, तर यानं हातातला वस्तराच ओढला त्याच्या दंडावर. वाचला तो, नशीब. उद्या बाल न्याय मंडळापुढे मला मत द्यायचंय. याला घरी सोडावं, की ठेवून घ्यावं."

"मग? काय ठरलं तुझं?"

परीक्षित याच प्रश्नाची वाट बघत होता. तो सरसावून बसला.

"त्याच घरात, त्याच गल्लीत त्याचा भाऊ वाढला. तो अगदी सरळ आहे. म्हणजे नुसता परिस्थितीला दोष देऊन भागत नाही. याचा स्वभावच तापट. धीर नाही, पुढचा विचार नाही. आधी हात चालतो, मग डोकं. सगळ्या चाचण्या केल्यात मी, बाबा. आतून-बाहेरून ओळखलंय त्याला."

"हे त्याला सांगितलंस?"

"सांगितलं ना. माणसाला स्वतःची ओळख असलेली बरी."

बाबा हनुवटीवरच्या पांढऱ्या खुंटांवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी वाफ्याकडे पाहून हाक मारली.

"हणमंता, हात धुऊन ये रे."

पोरगा आला. अंगानं किरकोळ, मिसरूड नुकतं फुटलेलं. मान खाली.

"आमचा न्हावी तापानं पडलाय. त्या कोनाड्यात डबा आहे बघ. दाढी करून दे माझी."

हणमंतने डबा उघडला. साबण, ब्रश... आणि मिटलेला वस्तरा.

परीक्षित ताडकन उठला. "बाबा, हे चालायचं नाही! याच्या हातात मी..."

"बस खाली."

हणमंतने डबा जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको बाबा."

"का रे? विसरलास?"

"इसरलो न्हाई... पन माझ्यात हाय ते."

"काय आहे?"

"सायबांनी सांगितलंय. माझा हात आधी चालतो. डोकं मागनं."

वाक्य परीक्षितचंच होतं. पण पोराच्या तोंडून ते एखाद्या जुनाट दुखण्यासारखं बाहेर पडलं.

"बरं," बाबा म्हणाले. "मग हळू चालव."

आणि पाटावर बसून त्यांनी हनुवटी वर केली.

बऱ्याच वेळानं हणमंत हलला. त्यानं साबणाचा फेस केला, बाबांच्या गालांना लावला. मग वस्तरा उघडला. पहिला हात त्यानं इतका हलका फिरवला, की एकही केस निघाला नाही.

"अरे, लोणी काढतोयस का?"

पोरगा हसला नाही. पण दुसरा हात नीट बसला. तिसराही... आणि मग कानाखाली जरासं कापलं. फेसात लाल ठिपका उमटला.

वस्तरा खणकन फरशीवर पडला. हणमंत भिंतीला जाऊन चिकटला.

"बघा! म्हनत हुतो मी... बघा!" तो हुंदके देऊ लागला.

बाबांनी पंच्यानं रक्त टिपलं. "लागलं थोडं. अर्ध्या दाढीचा बुवा बघून गाव हसेल रे. ये, पुरी कर."

पोरानं बाहीला नाक पुसलं. वस्तरा उचलून धुतला. उरलेली दाढी केली आणि सलूनमधल्या सवयीनं बाबांच्या गालावरून उलटा हात फिरवून पाहिला. बाबांनी तो हात तिथंच गालाशी धरून ठेवला... थोडा वेळ.

परीक्षित उठून पाटाजवळ आला.

"पण बाबा... तो तापट आहे, हे काही खोटं नाही."

"खोटं नाहीच."

"मग उद्या मी काय सांगू?"

बाबा पाटावरून उठले. पाट त्याच्याकडे सरकवला.

परीक्षितने पाटाकडे पाहिलं. मग हणमंतकडे. पोरगा त्याच्याकडेच बघत होता, श्वास रोखून.

परीक्षितने चष्मा काढून बाजूला ठेवला. शर्टाचं वरचं बटण सोडलं. बसला.

थंडगार फेस गालाला लागला. वस्तरा गळ्याजवळ आला आणि थांबला. परीक्षितची नजर त्या हातावरून ढळत नव्हती.

बाबांनी हळूच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"डोळे मीट, बाळा."