गबाजीची मोटार

जंगलात प्राणी मोटारी चालवायचे, त्या काळातली ही गोष्ट. गबाजी अस्वलाची जुनी मोटार एकदा घाटाच्या पायथ्याशी बंद पडली.

मिस्त्री होता सुतारपक्षी. तपासून तो म्हणाला, "क्लच बदलला की अजून दोन-तीन वर्षं सहज चालेल."

शेजारी उभा कोल्हा हसला. "आज क्लच, उद्या ब्रेक! गबाजीराव, नवीच घ्या."

गबाजीला दोघांचंही पटलं. सकाळी तो मिस्त्रीकडे निघायचा आणि वाटेत कोल्हा भेटला की मागे फिरायचा. मग नवी घ्यायचं ठरवायचा, पण जुन्या सीटवर बसला की त्याचा पाय निघायचा नाही. असा अख्खा उन्हाळा गेला.

एक दिवस शेजारची साळिंदरीण धावत आली. "भाऊजी, पिलू तापानं फणफणलंय. घाटापलीकडे वैद्याकडे न्यायचंय. मोटार काढता का?"

गबाजीची मोटार तर बंदच होती. त्यानं पिलाला पाठीवर घेतलं आणि घाट चढायला लागला. काटे रुतत होते, धाप लागत होती.

पिलू वाचलं. पण वैद्यबुवा म्हणाले, "फार उशीर केलात!"

परतल्यावर गबाजी तडक मिस्त्रीकडे गेला. "क्लच बसवा."

"म्हणजे नवी नको, हे ठरलं?"

"ते मला अजूनही कळत नाही," गबाजी म्हणाला, "पण गाडी आज चालू करा."