सखवार सुईण आणि शिवेवरचा दगड

एक होता राजा. डोकं गरम, कान बंद! त्याच्या राज्याच्या शिवेवर नदी होती आणि काठावर होता एक बोलका दगड. त्यावर हात ठेवला, की माणूस कुठे जन्मला ते दगड सांगायचा.

मग राजानं दवंडी पिटली, "दगड ज्याला 'पलीकडचा' म्हणेल, तो हद्दपार!"

हद्दपार म्हणजे शिवेबाहेर घालवायचं आणि परत येऊ द्यायचं नाही. चोरालासुद्धा आधी विचारतात, बरं का, की बाबा, तुझं म्हणणं काय? इथे गुन्हा नाही, विचारणं नाही, नुसतं चालते व्हा! मी दुकानातलं पोतं परत पाठवतानाही आधी उघडून बघते. ही तर माणसं!

तिथे सखवार नावाची सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिनं हात ठेवला. दगड म्हणाला, "पलीकडची."

"अरे, तीस वर्षं इथे आहे मी. ऐकून तरी घ्या!"

शिपाई म्हणाला, "दगड बोलला ना? मग तू कशाला बोलतेस?"

मग तिला होडीतून पलीकडे नेलं. तिकडचे पहारेकरी म्हणाले, "आमच्या वहीत हिचं नाव नाही. न्या परत." दुसऱ्या दिवशी नेली, पुन्हा परत. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी होडी काठाला लागूच दिली नाही. म्हातारी भर उन्हात नदीच्या मधोमध! माणसाचे असे हाल करतात होय?

संध्याकाळी होडी माघारी आली, तर काठावर राजाच उभा. "कशी जात नाही बघतो!"

सखवार म्हणाली, "महाराज, तुम्ही ठेवलात का हात?"

राजा हसला. ठेवला हात.

"पलीकडचा," दगड म्हणाला.

प्रधान घाईघाईनं म्हणाला, "दगड बिघडलाय, महाराज!"

"काही बिघडला नाही," सखवार म्हणाली. "आईसाहेब पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या, पलीकडे. सव्वा महिन्याचे तुम्ही माझ्या मांडीवर याच नदीतून आलात. वाटभर रडलात. तुम्हाला सांभाळायला आले, ती मी इथलीच झाले. या आता, बसा होडीत. सरकून घेते मी."

राजाची मान खाली गेली. मग तो तिथेच वाळूत बसला. "सखवारआजी, सगळं सांग." ती दिवेलागणीपर्यंत बोलली आणि तो ऐकत राहिला. उठताना म्हणाला, "यापुढे ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही घालवायचं नाही."

सखवार घरी गेली. दुसऱ्याच दिवशी तिच्या हातावर एक मूल जन्मलं. ते कुठलं, असं कुणी विचारलं नाही. सगळी सुखात राहिली. मिटा आता डोळे. तुम्हाला इथून कुणी उठवत नाही.