बारशापुरती रेंज

"आता अँटेना याच्याहून उंच कुठे लावू, उस्ताद? सांगा ना! वर आता आभाळच उरलंय."

भार्गव डोलकाठीवरून खाली उतरता उतरता विचारत होता. ही त्याची तिसरी खेप. तळहात सोलवटलेले, शर्टाची बाही फाटलेली, आणि रेंजचा कुठे पत्ता नाही.

याकूब उस्ताद दोरीच्या वेटोळ्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"चहा घे."

"चहा! इथे माझी अब्रू चाललीय आणि तुम्ही…"

"निवेल."

भार्गवने कप घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं, पण त्याचं डोकं तापलेलं होतं.

आता ही मंडळी भर दुपारी समुद्रात नांगर टाकून का बसली होती, ते सांगायलाच हवं.

याकूब उस्ताद म्हणजे सांडवे बंदरातले वायरलेसवाले. तीस वर्षं मोठ्या जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते; म्हातारपणी जेट्टीवर टपरी टाकून बोटींचे सेट दुरुस्त करत बसले. भार्गव चार वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकला, मग पुण्याला जाऊन डिप्लोमा करून आला आणि आल्या आल्या पाटी लावली, 'समुद्रात वायफाय'. पोरगा हुशार, त्यात वादच नाही. पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याने घरी जाऊन जेवून यावं, तरी याचं चालूच.

पहिलं गिऱ्हाईक हरेश्वर तांडेल. बोट त्याची, सुकाणू त्याचं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्याच्या घरात पाळणा हलला होता, आणि आज पोरीचा बारावा दिवस. बारसं पाचाला.

"सकाळच्या भरतीला बाहेर जाऊ," भार्गव म्हणाला होता. "घराच्या छपरावर वायफायचा एक डबा बसवलाय, बोटीवर एक. दोघांचं जमलं की झालं! दहाच्या आत परत. आणि पुढच्या वेळी मासेमारीला जाता-येता खाडीबाहेरून लेक बघाल, तांडेल!"

लेक बघाल म्हटल्यावर बाप भुलला. कुठला बाप भुलणार नाही?

बोट जेट्टीला बांधलेली होती तोवर फोनवर इतकं स्वच्छ दिसत होतं की पाळण्यावर बसलेली माशीसुद्धा मोजावी. बोट बाहेर आली, लाटांवर डुलायला लागली, आणि रेंज येईना. आली तरी दोन श्वास टिकेना. "पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं," म्हणत भार्गवने बारा वाजवले. पाणी ओसरतंय, असं तांडेल दोनदा म्हणाला. उस्तादही काहीतरी सांगायला गेले. भार्गवने दोघांनाही हातानेच थांबवलं आणि वर चढला.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी. बोट आत जाणार ती थेट संध्याकाळी साडेसातनंतर. समोर टेकडीच्या उतारावर तांडेलाचं घर होतं, मांडवाचं पिवळं कापडसुद्धा दिसत होतं. मध्ये अर्धा मैल पाणी.

आणि आता साडेतीन वाजले होते.

"मी पोहत जातो," तांडेल सदऱ्याची बटणं काढत म्हणाला.

इंजिनवर असणाऱ्या बाबल ड्रायव्हरने मागून त्याची कंबरच धरली. "ह्या ओढीत? वहिनीला आजच्या दिवशी काय काय दाखवणार आहेस, हरी?"

"मग काय करू? फोन लागत नाही! टॉवर टेकडीच्या पलीकडे!"

"बोटीचा वायरलेस आहे की," बाबल म्हणाला. "मच्छीमार सोसायटीच्या हापिसात सांग, ते घरी निरोप देतील. ठेवा म्हणावं नाव, आमच्यासाठी थांबू नका."

तांडेलाचा हात बटणांवरच थांबला.

"नाव माझ्याकडे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाला सांगितलंच नाहीये. बायकोलासुद्धा नाही. सासुरवाडीने यादी दिली, पोरांनी मोबाइलवरून नावं काढली, मी म्हटलं, काढा, किती काढायची ती काढा. पण ठेवायचं ते मी सांगणार. पाळण्यापाशी, सुलूताईच्या कानात. आणि आत्या म्हणून ताई पोरीच्या कानात."

"मग ताईलाच बोलाव वायरलेसवर."

"डोकं फिरलंय का तुझं? त्या चॅनेलवर चाळीस बोटी कान लावून बसल्यात! पोरीच्या आधी सगळ्या बंदराला कळेल. नाव आधी बाळाच्या कानात पडतं रे, मग जगाच्या."

"मग साडेसातला ठेव."

"ताईची सातची एसटी आहे…"

तांडेल घराकडे बघत उभा राहिला.

हे सगळं आपल्या पाच मिनिटांमुळे झालंय, हे भार्गवला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि माणसाला अपराधी वाटलं की तो काय करतो? आणखी जोरात चुकतो.

"बांबू आहे का?" तो ओरडला. "अँटेना आठ फूट आणखी वर नेतो. एवढा मोठा अँटेना आहे, तांडेल, जिल्ह्यात कुणाकडे नाही! रेंज आली नाही तर नाव बदलीन!"

"एक नाव ठेवायचं जमेना, हा दुसरं बदलतोय," बाबल पुटपुटला.

उस्ताद म्हणाले, "भार्गवा, जरा…"

"एक मिनिट, उस्ताद!"

उस्तादांनी चहाचा घोट घेतला.

बांबू बांधला. माणसाहून उंच असा तो पांढरा अँटेना आता पार टोकाला गेला. भार्गव वरूनच ओरडला, "बघा फोन!"

तांडेलाने बघितलं. "आली! आली! ताई! ताईईई!"

पडद्यावर सुलूताई उमटली. तोंड उघडं, हात वर, आणि तशीच थिजली. मग गोल गोल फिरणारं ते चक्र. मग काहीच नाही.

आता तर दोन श्वाससुद्धा नाहीत. आधीपेक्षा वाईट!

भार्गव खाली आला. या वेळी त्याने कुणाला काही समजावून सांगितलं नाही. उस्तादांच्या समोर फळीवर बसला.

"उस्ताद…"

"हं."

"मला नाही समजत."

उस्तादांनी कप खाली ठेवला. उठले, केबिनमध्ये गेले आणि तांडेलाची जुनी दुर्बीण घेऊन आले. ती त्यांनी भार्गवच्या हातात दिली.

"उभा राहा. कशाला धरू नकोस. तांडेलाचं घर बघ."

"उस्ताद, ही काय वेळ आहे…"

उस्तादांनी दुर्बिणीकडे बोट केलं. भार्गव उभा राहिला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

"काय दिसतं?"

"दार. झेंडूचं तोरण… गेलं."

"आता?"

"आभाळ."

"आता?"

"पाणी… परत आभाळ. थांबा… दार! दार दिसलं, कुणीतरी बाई… गेली."

"नीट धर."

"नीटच धरलीय! बोट हलतेय ना!"

"दुर्बीण खाली घे."

भार्गवने घेतली.

"आता काय दिसतं?"

"घर."

"तोरण?"

"नाही, तोरण नाही दिसत एवढ्या लांबून. पण घर…"

"बोट थांबली?"

"नाही… हलतेय की."

"आणि घर?"

"घर… दिसतंच आहे."

लाट आली, बोट एका अंगावर कलली, परत सरळ झाली. भार्गव घराकडे बघत राहिला. मग हळूहळू मान वर करून त्याने डोलकाठीच्या टोकाकडे पाहिलं. खाली बोट वीतभर हलत होती आणि वर तो अँटेना चांगला पाच-सहा हात झोके घेत होता.

"अरे देवा," भार्गव म्हणाला.

मोठा अँटेना लांबचं पकडतो, पण एका बारीक पट्ट्यातलंच. जेट्टीला बांधलेल्या बोटीवर तो पट्टा बरोबर घरावर बसला होता. इथे बोट कलली की तो एकदा आभाळात आणि एकदा पाण्यात. आणि हा शहाणा सकाळपासून त्याला आणखी वर, आणखी वर नेत होता! हे त्याने पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, त्याला गुणही मिळाले होते.

तो धावत केबिनमध्ये गेला. सामानाच्या खोक्यात तळाशी एक बोटभर लांबीचा काळा अँटेना होता, डब्याबरोबर फुकट आलेला. तो हातात घेऊन भार्गव दारातच अडखळला.

"उस्ताद, हा चहूकडचं पकडेल, पण एवढासा… याची ताकद किती! कशीबशी दोन काड्या रेंज देईल."

"तुला तोरण बघायचंय?"

भार्गवने मान हलवली. नाही.

मोठा अँटेना उतरला. डबा केबिनच्या टपावर आला, त्यालाच तो बोटभर अँटेना घट्ट पिळून बसवला. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तांडेल फोन दोन्ही हातांत धरून उभा होता.

एक काडी आली.

मग दुसरी.

बोट डावीकडे कलली. दोन. उजवीकडे कलली. दोनच. सगळे त्या दोन काड्यांकडे बघत होते. हलल्या नाहीत.

"लावा," भार्गव म्हणाला.

घंटी वाजली आणि सुलूताई दिसली. चेहरा पुसट, नाक कुठे, डोळे कुठे, अशी अवस्था, पण हलत होती, बोलत होती.

"ताईईई! ऐकू येतंय का गंऽऽ!"

"ओरडू नकोस, मेल्या! पोरगी दचकली!" पलीकडून ताई कडाडली. "कुठे तडमडलायस? पाळणा सजवून बसलोय आम्ही तासभर!"

हे ऐकून तांडेल आनंदाने हसायलाच लागला. बहिणीची शिवी इतक्या प्रेमाने कुणी ऐकली नसेल.

"ताई, नाव सांगतो. फोन कानाला लाव. तुझ्याच कानाला. कुणी ऐकता कामा नये."

बाबलने आपणहून दोन्ही कानांत बोटं घातली. उस्तादांनी समुद्राकडे तोंड केलं. भार्गवला काय करावं ते सुचेना, त्याने डोळेच मिटले.

तांडेलाने फोन ओठांशी नेला आणि पुटपुटला.

पलीकडून काहीच आवाज आला नाही.

भार्गवने डोळे उघडले. गेली? रेंज गेली? त्याने मान लांब करून पाहिलं. दोन काड्या होत्या. ताईही होती. ती पदराने डोळे पुसत होती.

"आईचं?" ती म्हणाली.

"हं," तांडेल म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस रे, हरी…"

"आता सांगितलं की."

ताई पाळण्यात वाकली. कुणीतरी फोन उंच धरला. बायका भोवती जमल्या, ताईच्या पाठीवर धपाधप हात पडले, "कुर्रर्रऽऽ!" असा गलका झाला, आणि ताईने डोकं वर काढून साऱ्या मांडवाला ऐकवलं, "द्वारका! माझ्या भाचीचं नाव द्वारका!"

पोरीने भोकाड पसरलं. तेही स्वच्छ ऐकू आलं.

तांडेल फळ्यांवर बसकण मारून हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. दोन्ही चाललं होतं. बाबलने कानातली बोटं काढली. "आता सांगू का जगाला?"

"सांग! ओरडून सांग!"

बाबलने आधी भोंगा वाजवला. आजूबाजूला पाणी चढायची वाट बघत चार-पाच बोटी उभ्या होत्या, त्यांना कारण ठाऊक नव्हतं, तरी त्यांनीही वाजवला. मग वायरलेसवर नाव गेलं, आणि लगेच कुठून कुठून आवाज यायला लागले. कुणी पेढे मागत होतं, कुणी म्हणत होतं आमच्या वाटणीचं घुगरीचं पातेलं ठेवा. उस्ताद तांडेलाच्या डोक्यावर हात ठेवून "मुबारक, बेटा, मुबारक" म्हणाले आणि पुन्हा आपल्या दोरीच्या वेटोळ्यावर जाऊन बसले.

भार्गव त्यांच्या पायाशी येऊन बसला. गार झालेला तो चहा त्याने एका घोटात संपवला.

"उस्ताद."

"हं."

"तुम्हाला सकाळीच ठाऊक होतं ना?"

उस्तादांनी मान डोलावली.

"मग सांगितलं का नाही?"

उस्तादांनी अंगठा कानाशी नेला, करंगळी ओठांशी धरली, आणि मिश्किल हसले.

"सकाळपासून तुलाच लावत होतो, बाळा… आत्ता कुठे लागलास."