हाडखिंडीतल्या कामट्या

खिंडीत शिरताना डाव्या अंगाला जो ढीग दिसतो, ते सरपण नव्हे. मागे एका गॉगलवाल्या पाव्हण्याने त्यातल्या चार काटक्या चहासाठी पेटवल्या आणि उतरताना असा आपटला, की त्याच्याच नडगीला कामट्या लागल्या. हे मी सगळ्यांनाच सांगतो. खरं असेल तर असेल. पण तुम्ही हात लावू नका. मोडलेलं हाड बांधायच्या बांबूच्या चिपा आहेत त्या.

असं सांगतात, की फार पूर्वी आमच्या घोणसवाडीत सटवा नावाचा पैलवान होता. गावाने लेकरांच्या तोंडचं दूध काढून त्याला पाजलेलं. जत्रेत परगावच्या कोंडाजीने त्याला चीत केला, आणि कुस्ती संपल्यावरही सोडला नाही. पाय पिळून गुडघ्याखाली मोडला. कडाक! मागच्या रांगेतल्या बहिऱ्यालासुद्धा ऐकू गेलं म्हणे. गाडीत घालून आणला, तर गावाने दारं लावून घेतली. दूध वाया गेलं ना!

दार उघडलं ते फक्त भिमाआत्याने. ती मेंढरं राखायची. मेंढीचा पाय बांधावा तसा तिने त्याचा पाय बांधला.

"आत्ये, मला विहिरीत ढकल," सटवा रडायचा.

"त्या विहिरीचं पाणी पिते मी. गप पड."

पण पैलवानच तो, गप कसला पडतोय! रागारागाने उठला आणि हाड वाकडं जुळलं. जन्माचा लंगडा झाला. मग बसल्या जागी आत्याला पाय मोडलेल्या मेंढ्या धरू लागला, आणि हळूहळू हाडं त्याच्या बोटांना कळायला लागली. गाव खिदळायचं, "पैलवान आता मेंढीशी झोंबतोय!"

एका सकाळी लुटारू येताना दिसले. गाव रानात पळालं. सटव्याला पळता येईना, म्हणून तो शूर झाला. बऱ्याच शूरांचं असंच असतं. पहार घेऊन तो खिंडीतल्या या दगडाआड बसला. वाट बघा केवढी, एका वेळी एकच माणूस मावतो. पहिला आला, त्याची नडगी गेली. दुसऱ्याचं मनगट. तिसऱ्याचा खांदा असा निखळला, की हात पाठीमागे लोंबायला लागला. दात तर फुटाण्यांसारखे उडाले. वाट रक्ताने निसरडी झाली, मागचे तिच्यावरच घसरायचे, आणि पडला की पहार! उरलेले पळाले. शेवटी पाय धरून पडला होता तो कोंडाजी. कुस्ती सुटली आणि गडी लुटीला लागला होता.

गाव कोयते घेऊन परतलं. सटव्याने कोंडाजीच्या टाळक्यावर पहार उगारली. कोंडाजी ओरडला, "आई गंऽ!" जत्रेत सटवा ओरडला होता, अगदी तसाच. पहार वरच राहिली. मग ती गावाकडे वळली.

"मागं सरा! मी मोडलेत, मीच बांधणार."

पाटील म्हणाला, "येडा झालास काय रं लंगड्या?"

"व्हय. आत्ये, कामट्या आण."

हाड ओढताना कोंडाजीने त्याचा कान चावला. तुकडाच तोडला. सटव्याने रक्त गळत असताना हाड बसवलं, गाठ मारली आणि मग एक मुस्काटात दिली. "हललास तर माझ्यासारखा होशील." पुढे रोज त्याला स्वतःच्या हाताने आंबील भरवली. लावलेल्या दारांतून आता सटव्यासाठी दुधाच्या चरव्या निघाल्या. आत्याने त्या सगळ्या जखमी लुटारूंना पाजल्या आणि गावाला रिकाम्या परत केल्या.

कोंडाजी सरळ चालत खिंडीपर्यंत आला. दोघांनी मिळून कामट्या इथे टाकल्या. सटव्याचा पाय वाकडाच राहिला, पण लंगड्या म्हणून हाक मारायची कुणाची छाती झाली नाही. सात गावची मोडकी माणसं त्याच्या ओट्यावर यायला लागली म्हणे.

आजही घोणसवाडीत कुणी कुणाचं हाड मोडलं, तर मोडणाऱ्यानेच बांधायचं, भरवायचं, आणि बरा झाला की दोघांनी येऊन कामट्या इथे टाकायच्या. ढीग एवढा मोठा कसा, ते आमच्या गावाच्या स्वभावावरून ओळखा. वरची ती पिवळी, ताजी जोडी माझी. बांधावरून भांडण झालं आणि नामा गुरवाने माझा उजवा हात मोडला. मग रोज मला भरवत होता, घासाघासात मिरची दडवून. हात गणपतीतच बरा झाला होता. पण असा भरवणारा पुन्हा मिळतो होय? मी दिवाळीपर्यंत कण्हत राहिलो.