मिरीची आई आणि कोरडं घंगाळ

मिरीच्या आईला झोपच लागली नाही.
या कुशीवर वळली. त्या कुशीवर वळली.
"कुणी शेपटी सोडली तर? कुणी शेपटी सोडली तर?"

मिरीची आई म्हणजे एक एवढीशी चिचुंद्री. मिरी तिची लेक, त्याहून एवढीशी.
चिचुंद्र्यांच्या शाळेची सहल होती. कुठे? जुन्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात!
बाईंनी विचारलं होतं, "मदतीला कोण येणार?"
मिरीच्या आईचा पंजा वर गेला होता. का गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

सोमवार उजाडला. माणसांना संग्रहालय बंद. चिचुंद्र्यांना उघडं. दाराखाली फट होती ना!

आत दोन रांगा झाल्या. एक बाईंची. एक मिरीच्या आईची.
चिचुंद्र्यांची रांग कशी असते? पुढचीची शेपटी मागचीच्या तोंडात.
"घट्ट धरायची," बाई म्हणाल्या. "तोंड उघडायचं नाही!"

पुढे मिरीची आई. मग जिरी. मग मोहरी. मग खसखस. सगळ्यांत मागे मिरी.
"आपलंच पोर पुढे घेतलं, तर बाकीच्या आया काय म्हणतील?" मिरीची आई मनात म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु, रांग निघाली.
तुरुतुरु तुरुतुरु, सगळं बघून दाराशी आली.
मिरीच्या आईनं मागे पाहिलं.
जिरी आहे. मोहरी आहे. खसखस आहे.
मिरी नाही!

"खसखशे, मिरी कुठे गं?"
खसखशीनं शेपटी सोडली. "ती मघाशीच सुटली, काकू. मोठ्ठं घंगाळ दिसलं. अय्या म्हणाली, नि वर चढली."
"अगं, मग बोलली का नाहीस?"
"तोंडात शेपटी होती ना!"
"जा तुम्ही, मिरीची आई," बाई म्हणाल्या. "यांना मी बघते."

तुरुतुरु तुरुतुरु, आई गेली घंगाळाकडे.
आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं घंगाळ. आतून आवाज आला.
"आई! मी आत. पाय घसरतो!" घसर घसर. घसर घसर.

"घंगाळा घंगाळा, कलंड ना! मिरी आत पडली."
घंगाळ म्हणालं, "मी नाही जा. किती वर्षं मी कोरडं. घागर ठणठण करेल, तर मी कलंडेन. वाटेल मला, पाणी आलं."

तुरुतुरु तुरुतुरु, आई गेली घागरीकडे.
"घागरी घागरी, ठणठण कर ना!
मिरी आत पडली,
घंगाळ काही कलंडेना."
घागर म्हणाली, "मी नाही जा. जातं घरघर करेल, तर मी ठणठण करेन. वाटेल मला, पहाट झाली."

तुरुतुरु तुरुतुरु, आई गेली जात्याकडे.
"जात्या जात्या, घरघर कर ना!
मिरी आत पडली,
घंगाळ काही कलंडेना,
घागर ठणठण करेना."
जातं म्हणालं, "मी नाही जा. बैलाची माळ छुमछुम करेल, तर मी घरघर करेन. वाटेल मला, शेतातलं धान्य आलं."

तुरुतुरु तुरुतुरु, आई गेली माळेकडे.
"माळे माळे, छुमछुम कर ना!
मिरी आत पडली,
घंगाळ काही कलंडेना,
घागर ठणठण करेना,
जातं घरघर करेना."
माळ म्हणाली, "मी नाही जा. बैल कुठे गेला माझा? पाळणा करकर करेल, तर मी छुमछुम करेन. वाटेल मला, बाळ उठलं. बाळ हसायचं माझ्या आवाजाला."

तुरु... तुरु... आई दमली. पाळण्याकडे गेली.
"पाळण्या पाळण्या, करकर कर ना!
मिरी आत पडली,
घंगाळ काही कलंडेना,
घागर ठणठण करेना,
जातं घरघर करेना,
माळ छुमछुम करेना."
पाळणा हळूच म्हणाला, "माझ्यात बाळ नाही. दोरी ओढायला कुणी नाही. एक अंगाई ऐकू दे. मग करकरेन."
"अंगाई? मी? माझा आवाज चिकचिक!"
"आई आहेस ना?"
"आहे."
"मग म्हण."

लांबून आवाज आला. घसर घसर. घसर... आता अगदी बारीक.
मिरीच्या आईनं डोळे मिटले. चिकचिक आवाजात म्हटलं,

"जो जो जो मिरे, धर शेपटी माझी,
पुढे कोण तुझ्या? आई आहे तुझी."

पाळणा करकरला. कर्र कर्र.
माळ वाजली. छुम छुम.
जातं फिरलं. घर्र घर्र.
घागर नादली. ठण ठण.
"पाणी आलं!" म्हणत घंगाळ कलंडलं.
आणि मिरी गडगडत बाहेर!

आईनं तिचं नाक हुंगलं. पाय हुंगले. शेपटी हुंगली.
घंगाळानं आत पाहिलं. पाणी नव्हतं.
घागर थांबली. जातं थांबलं. माळ थांबली. पाळणाही थांबला.
सगळं पुन्हा गप्प गप्प.

"चल मिरे. माझी शेपटी धर," आई म्हणाली.
मिरी जागची हलेना.
आईला वाटलं, आता ही विचारणार, मला सगळ्यांत मागे का ठेवलंस? मी काय सांगू?

मिरी पाळण्याकडे बघत होती. मग म्हणाली,
"आई, तो एकटाच आहे गं. त्याला म्हण ना, माझी शेपटी धर. माझी रिकामीच असते."